घरटी एक माणूस

सांगली
२८ नोव्हेंबर २०२४

जयराज,

काल तुम्ही आला नाहीत.

तुमच्या वकिलांनी सांगितलं, उसाची तोड आली. कारखान्याचा निरोप आदल्या संध्याकाळी आला, टोळी पहाटे फडात शिरली, अशा वेळी मालकाने ऊस सोडून कसं यायचं. न्यायाधीश बाईंनी मान हलवली. त्याही इकडच्याच असाव्यात. तोड आली म्हटल्यावर या भागात पुढे कुणी काही विचारत नाही. आठ हंगाम तुमच्या घरात काढल्यामुळे मलाही विचारता आलं नाही.

पुढची तारीख जानेवारीत आहे.

पत्र लिहिते, कारण फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज करू नका असं माझ्या वकील बाईंचं सांगणं आहे, मेसेज कोर्टात दाखवता येतो म्हणे. पत्राबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना बहुधा सुचलंच नसेल.

एकदा नीट लिहून ठेवते. आपण दोघांनी मिळून वेगळं होण्याचा अर्ज केला, त्याला येत्या एप्रिलात दीड वर्ष होईल. त्याच्या आत दोघांनी एकदा शेजारी उभं राहून सांगायचं आहे, की आमचं मत बदललेलं नाही. काम एवढंच आहे. ते झालं नाही तर अर्ज पडतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मला पहिल्यापासून करणं जमणार नाही. हे रागाने लिहीत नाही. रागालाही अंगात काहीतरी असावं लागतं.

कोर्टातलं काम लवकर आटोपलं. लगेच निघाले असते तर उजेडी सांगलीत पोचले असते आणि माझ्या वहिनीने दारातच विचारलं असतं, झालं का. म्हणून साताऱ्यातच थांबले.

कोर्टाच्या कोपऱ्यावर एक पाटी आहे, ‘आपली आपण शहरफेरी’. गावातल्या जुन्या इमारतींना कुणीतरी क्रमांक दिले आहेत. पाटीवरचा चौकोन फोनने टिपला की फोनमधून एक माणूस बोलायला लागतो. सोबत वाटाड्या नाही, ठरलेली वेळ नाही, कंटाळा आला की सोडून द्यावं. शेवटचा क्रमांक किल्ल्यावर आहे.

पहिली इमारत घोड्यांच्या पागेची. आता तिथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. एका घोड्याची जागा, त्यात एक टेबल, एक मुलगा. भिंतीतल्या लोखंडी कड्या काढलेल्या नाहीत. मुलं त्यांना पिशव्या अडकवतात. फोनमधला माणूस म्हणाला, थोडं थांबा आणि कमानीकडे पाहा. मी पाहिलं. कमान चांगली आहे. बाहेर आले आणि फेरी तिथेच सोडली.

जानेवारीत या.

संयोगिता


सांगली
२३ जानेवारी २०२५

जयराज,

पुन्हा तोड. या वेळी ओढ्याकडच्या तुकड्याची, असं तुमचे वकील म्हणाले. त्यांना ओढा कुठे आहे ते माहीत नसावं. त्यांनी कागदात पाहून सांगितलं.

मी दहापासून कोर्टाच्या फाटकाशी उभी होते. वाट पाहत नव्हते. आत गारठा होता आणि फाटकाशी ऊन होतं.

संक्रांतीला आत्याबाईंनी एस्टीच्या ड्रायव्हरकडे तिळगूळ आणि उसाची मोळी पाठवली होती. मी सांगली स्टँडवर जाऊन घेतली. ड्रायव्हरने विचारलं, सासू का आई? मी सासू म्हणाले. तो म्हणाला, मग नशीबवान हाय तुमी. तुमच्या आईने पाठवलेलं घ्यावं की नाही, हे मी वकील बाईंना विचारलेलं नाही. तुम्हीही तिथे काही बोलू नका.

आता एक गोष्ट सांगते. वकील बाई पहिल्यांदा अर्ज लिहायला बसल्या तेव्हा त्यांनी विचारलं, कारण काय लिहू? मारतात का? नाही. पितात? नाही. दुसरं कुणी आहे? नाही. मूल नाही म्हणून सासरचे बोलतात? कुणी नाही बोललं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, दोघांच्या संमतीने करू, त्यात कारण लागत नाही.

कारण मलाही नीट सांगता आलं नसतं. तुम्ही सीमेवर होतात तोवर आपलं बरं चाललं होतं. तुम्ही वर्षातून दोनदा रजेवर यायचा, पाहुण्यासारखे, आणि घर उजळायचं. बाकीचे दिवस मी आणि आत्याबाई. मी फलटणला कॉलेजात शिकवून यायचे, त्या चुलीपुढे बसून दिवसभराचं सगळं सांगायच्या: कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसून गेली, कुणाच्या रानातलं पाणी कुणी फोडलं. मग तुम्ही पेन्शन घेऊन आलात आणि घरात तीन माणसं झाली. तुम्ही कधी गप्प बसा म्हणाला नाहीत. तुम्ही आत आलात की आम्ही दोघी आपोआप थांबायचो. वर्षभराने लक्षात आलं की तुम्ही बाहेर गेलात तरी आम्ही बोलत नाही.

मी सांगलीला बदली मागितली तेव्हा तुम्ही किती दिवसांसाठी म्हणून विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. एवढंच झालं.

काल फेरीतल्या आणखी दोन इमारती केल्या. बर्फाचा कारखाना होता तिथे आता व्यायामशाळा आहे. भिंती हातभर जाड, आत अजून गार वाटतं. तारघराच्या जागी बायकांचं पोळी-भाजी केंद्र आहे. जिथून तारा सुटायच्या त्या खिडकीतून आता पोळ्या देतात. खिडकीवरची ‘बोलू नये’ ही पाटी तशीच आहे आणि तिच्याखाली उभ्या राहून पोळ्या लाटणाऱ्या बायका सारख्या बोलत असतात. मी तिथे जेवले आणि बाकावर बसल्या बसल्या मला झोप लागली. त्यांनी उठवलं नाही.

फोनमधला माणूस पुढे किल्ल्याकडे चला म्हणत होता. मी फोन बंद केला.

पुढची तारीख बारा मार्च. त्यानंतर फार तर एक मिळेल.

संयोगिता


सांगली
१३ मार्च २०२५

जयराज,

काल तुमच्या घरातून माणूस आलं होतं. तुम्हाला ते माहीत आहे, तुम्हीच त्यांना एस्टीत बसवून दिलंत. पुढे काय झालं ते त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार, म्हणून लिहिते.

पुकारा झाला. माझं नाव, मग तुमचं. तुमचे वकील उठायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, “हजर हाय.” आत्याबाई उभ्या होत्या. इरकल नेसलेल्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी त्यांना तोवर पाहिलंच नव्हतं.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, आपण कोण?

“जयराजची आई. बयाबाई.”

जयराज कुठे आहेत?

“घरी हाय. घरटी एक माणूस लागतं न्हवं? मी आले.”

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की मयतीला, लग्नाला, भावकीच्या बैठकीला घरातलं एक माणूस गेलं की भागतं, पण इथे ज्याचं त्यानेच यावं लागतं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बाईसाहेब, सुपारी फुटली तवा त्यो बार्डरवर हुता. पोरगी मीच बघितली, हो मीच म्हनले, साखरपुड्याला पाटावर त्याचा फोटू आन शेजारी मी. तवा कुनी इचारलं न्हाई, नवरदेव कुठाय म्हनून. जुळवताना चाललं, मग मोडताना का चालंना?”

टंकलेखकाने हात थांबवला. न्यायाधीश बाई थोड्या वेळाने म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे, पण कायद्यात तशी सोय नाही. मग त्यांनी नऊ एप्रिल दिली आणि तुमच्या वकिलांना सांगितलं, ही शेवटची.

बाहेर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, भूक लागलीय. मी त्यांना तारघरात नेलं. त्यांनी पोळी उलटीपालटी करून पाहिली आणि लाटणाऱ्या बाईला सांगितलं की तेल कमी पडतंय. त्या बाईने ऐकून घेतलं आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.

त्यांची गाडी दुपारनंतर होती. मी फेरीचं सांगितलं. म्हणाल्या, चल, नुसतं बसून तरी काय करायचं. मी फोन त्यांच्या हातात दिला. पागेपाशी तो माणूस बोलायला लागला तेव्हा त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग फोनकडे. इथे सरदारांचे पन्नास घोडे बांधलेले असत, असं तो सांगत होता. त्यांनी फोनलाच विचारलं, “आन शेन कोन काडायचं? त्ये सांग की.” तो कमानीबद्दल बोलत राहिला. “ऐकत न्हाई वाटतं,” असं म्हणून त्यांनी आत डोकावलं. ओळीने बसलेली मुलं पाहिली. “जनावरं सोडली आन पोरं बांधली.” एका मुलाने वर पाहिलं आणि तो हसला. व्यायामशाळेत त्यांना जायचं नव्हतं. तिथली पोरं उगाच जड उचलून परत तिथंच ठेवतात, हे त्यांनी दारातूनच पाहिलं होतं.

किल्ल्यावर जाऊ या असं मी म्हटलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, आलोच हाय तर मंगळाईला जाऊन येऊ. गुडघ्यांचं मी विचारलं तर म्हणाल्या, गुडघं माझं हायत. किल्ल्याच्या दरवाजाकडे जाईल तिथवर रिक्षा केली. पुढे त्या कठड्याला धरून चालल्या आणि मी मागून. मध्ये बसलो, उठलो, परत बसलो. फोनमधला माणूस तटबंदीची माहिती देत होता. त्यांनी फोन मला परत दिला, म्हणाल्या, “गप कर ह्याला. दम लागतो ऐकून.”

देवळात त्यांनी पिशवीतून नारळ, खण, तांदूळ काढले. एक ओटी देवीची भरली. दुसरी काढून माझ्याकडे पाहिलं. मी मागे सरले. त्या म्हणाल्या, “एप्रिलपातूर तरी भरू दे.” मी पदर पुढे केला.

मग तटावर बसलो. खाली सातारा. त्या फलटणची बाजू शोधत होत्या. मधे डोंगर आहेत, दिसत नाही, हे मी सांगितलं तरी बघत होत्या. मी विचारलं, यंदा तोड फार लांबली का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, ऊस तर संक्रांतीच्या आतच गेला सगळा. तुला पाठवलेली मोळी शेवटच्या फडातली.

म्हणजे जानेवारीत तुम्ही घरीच होतात.

मला राग येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. मी विचारलं, मग ते का येत नाहीत? त्या म्हणाल्या, “त्याला तिथं हुबं ऱ्हाऊन बोलायचं हाय म्हनून. बोलायची गोष्ट आली की त्यो रानात जातो.” मग म्हणाल्या, त्याला म्हनलं जा, न्हाई म्हनाला. म्हनलं मी जाते, तर स्टँडवर सोडायला आला. पिशवी उचलून दिली. त्याला वाटलं, मी तुला परत आनाया चालले.

मलाही तसंच वाटलं होतं, जयराज. सबंध दुपार मी त्या मागणीची वाट पाहत होते आणि नाही कसं म्हणायचं ते मनात जुळवत होते.

मी म्हटलं, मग कशाला आलात?

“हो म्हनायला आले हुते,” त्या म्हणाल्या. “त्याच्या वतीनं. तू किती दिस त्या फाटकाशी हुबी ऱ्हानार?”

त्यांनी पदराने तोंड पुसलं, घाम होता. त्या म्हणाल्या, “आठ वर्सं तू माझ्याकडं हुतीस गं. त्याच्याकडं कुठं हुतीस?”

हे तुम्हाला दुखवण्यासाठी लिहीत नाही. त्यांनीही दुखवण्यासाठी म्हटलं नाही. गाडीची वेळ झाली म्हणून आम्ही उतरलो. उतरताना त्यांनी माझा खांदा धरला होता.

नऊ एप्रिलला या. कारखान्याचं धुराडं तोवर बंद झालेलं असेल.

संयोगिता


सांगली
१० एप्रिल २०२५

आत्याबाईंना नमस्कार.

तुम्हाला वाचता येत नाही आणि घरात वाचणारे जयराजच आहेत, म्हणून हे पत्र ते तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांना चुलीजवळ बसवा आणि मध्ये उठू देऊ नका. कालचं त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नसेल. ‘झालं’ एवढंच म्हणाले असतील आणि बैलांकडे गेले असतील.

काल ते आले. माझ्या आधी आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली. तुम्ही सोबत का नाही आलात, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, एक माणूस घरी पायजे. मग म्हणाले, या खेपेला मी आलो.

आम्हाला आत बोलावलं. न्यायाधीश बाईंनी मला आधी विचारलं, मत बदललंय का? मी नाही म्हणाले. मग त्यांना विचारलं. ते समोरच्या भिंतीकडे पाहत उभे राहिले. हात मागे, पाय जुळवलेले, परेडला उभे राहावेत तसे. बाईंनी पुन्हा विचारलं. त्यांचे वकील कानाशी काहीतरी म्हणाले. मला वाटलं, आता हे बाहेर जाणार. दाराकडे त्यांनी पाहिलंही. मी खाली मान घातली. उन्हाळा लागला आहे, पुन्हा अर्ज करायचा तर कुठून सुरुवात करायची, एवढंच माझ्या मनात होतं.

मग ते बोलले. आत्याबाई, तुमच्या घरात मी त्यांना एकदम एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणून जसंच्या तसं लिहिते. ते म्हणाले, “मॅडम, ही घरात होती तेव्हा मी बाहेरून यायचो, दारात चपला काढायचो आणि आतलं बोलणं ऐकायचो. ह्या दोघी हसत असायच्या. आत गेलो की बंद. म्हणून मी दारातच उभा राहायचो. पुढं पुढं लयच वेळ उभा राहायचो. मत बदललेलं नाही. लिहा.”

त्यांनी वाचणं थांबवलं असेल तर थोडा वेळ जाऊ द्या. मग पुढे वाचायला सांगा.

मला हे माहीत नव्हतं. तुम्हालाही नसावं. माहीत असतं तरी काही वेगळं झालं असतं, असं मला वाटत नाही. आपण दोघींनी त्यांना आत बोलावलं असतं आणि परत गप्प झालो असतो.

सह्या झाल्या. बाहेर आल्यावर ते म्हणाले, आईला कुठं कुठं नेलं होतंस? मी त्यांना तेच सगळं दाखवलं. फोन लावला नाही. पागेत त्यांनी एका कडीला हात लावून पाहिला. तारघरात आम्ही जेवलो. खिडकीतल्या बाईने मला विचारलं, त्या दिवशीच्या म्हाताऱ्या आल्या नाहीत का? ते म्हणाले, न्हाई, मी त्यांचा मुलगा. तिने त्यांना न मागता आणखी एक पोळी दिली. आता तेल पुरेसं असतं.

किल्ल्याच्या पायथ्याशी मी बसले. माझ्यात चढायची ताकद नव्हती. ते एकटे गेले, रिक्षा न करता, आणि ऊन उतरू लागलं तेव्हा परत आले. वर त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. तुम्हाला हवं तर तुम्ही विचारा. आत्ताच विचारा, ते समोर आहेत.

स्टँडवर त्यांची गाडी आधी लागली. खिडकीत बसल्यावर ते म्हणाले, नीट जा. मीही तेच म्हणाले. गाडी गेल्यावर मी बराच वेळ तिथल्या बाकावर बसून राहिले. हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. झोप येत होती. बस एवढंच.

निकालाची प्रत मिळायला वेळ आहे, पण मसुदा मी वाचला. एकदा वाचून समाधान झालं नाही म्हणून परत वाचला. त्यात दोनच नावं आहेत, माझं आणि त्यांचं. हे दोघे यापुढे एकमेकांचे कुणी नाहीत, असं लिहिलं आहे. तुमचं नाव त्यात कुठेही नाही. वकील बाईंना मी विचारलं, सासूचं काय? त्या म्हणाल्या, सासूचा यात काय संबंध?

तेव्हा आपलं कुणी मोडलेलं नाही.

कॉलेजला मे महिन्यात सुट्टी लागते. पहिल्या शनिवारी मी फलटणच्या गाडीने येईन आणि दोन दिवस राहीन. चूल तुम्ही पेटवा, भाकरी मी करीन. गावातलं सगळं साठवून ठेवा. जयराजनी त्या दिवशी रानात जावं की घरी थांबावं, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. थांबले तर दारात उभं राहू नये. आत येऊन बसावं. आपण बोलत राहू.

हेही त्यांनी मोठ्याने वाचावं.

संयोगिता